म्हातारपणी शेजारी परका वाटतो का? सोलापूरच्या वसाहतीतून समजून घ्या

वस्तीत वेगवेगळ्या वंशांचे लोक असतील, तर शेजाऱ्यांवरचा विश्वास कमी होतो का? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास 'हो' म्हणतो. सुमारे ३० हजार लोकांच्या मुलाखतींमधून दिसलं की, अशा वस्तीतले लोक आपल्याच समाजातल्यांवरही कमी विश्वास ठेवतात. मात्र हे कायमचं नसतं, असंही पटनम सांगतात.

ज्येष्ठांसाठी हा प्रश्न मोठा का?

काम सुटतं, फिरणं कमी होतं, मुलं पोटापाण्यासाठी दूर जातात. रात्री छातीत दुखू लागलं, तर आधी धावून येतो तो शेजारीच.

सोलापूरचा काय संबंध?

इथे वेगळेपण वंशाचं नाही. भाषा, धर्म आणि जातीचं आहे. मराठी आणि कन्नड बोलणारे इथलेच. तेलुगू भाषक पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. उर्दू बोलणारी कुटुंबंही अनेक पिढ्यांपासून आहेत.

शहराजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली महिला विडी कामगारांनी लढून मिळवलेली ही १० हजार घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांना मिळाली. घर मिळण्याची अट जात किंवा भाषा नव्हती, विडी कामगार असणं ही होती.

हे महत्त्वाचं का?

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की, नुसतं शेजारी राहून दुरावा कमी होत नाही. त्यासाठी दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते मिळून गाठायला हवं आणि संस्थेचं पाठबळ हवं. विडी कामगार महिलांकडे हे चारही होतं: मजुरी सारखी, मागणी एक, मोर्चा एकत्र आणि पाठीशी युनियन.

मग अडचण कुठे?

विडी वळणारे हात थकले की पान-तंबाखू आणायला, विड्या जमा करायला जाणं थांबतं. रोजच्या गाठीभेटीही थांबतात. देऊळ, मशीद, ज्ञाती मंडळ आधार देतात, पण बहुतेकदा आपापल्या लोकांना.

उपाय काय?

ज्येष्ठांना घर आणि पेन्शनइतकीच एकत्र येण्याची कारणंही लागतात. सगळ्यांसाठी एक कट्टा, दवाखान्यात सोबत जाणं, पेन्शनचे कागद मिळून भरणं, अशी साधी कामंही पुरतात. ओळख आधी होते, विश्वास मागून येतो.