चिकाला जमतं ते औषधाला का जमत नाही?

आंबा उतरवायच्या दिवसांत रत्नागिरीच्या बागांमधल्या गड्यांचे हात बघा. देठ तुटला की चीक उडतो, आणि जिथे पडेल तिथे कातडी भाजल्यासारखी काळी पडते. काजूबीच्या टरफलातलं तेलही तसंच. म्हणून बी सोलणाऱ्या बायका आधी हाताला राख किंवा तेल चोळतात. चीक एवढा सहज आत शिरतो, मग औषध का शिरत नाही?

चीक तेलकट असतो, हे त्याचं उत्तर. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाडीचा, केसाहूनही पातळ. पण मेलेल्या पेशींचे चिरे आणि मध्ये चरबीचा गिलावा अशी ती पक्की भिंत आहे. तेलात विरघळणारे लहान रेणू गिलाव्यातून वाट काढतात; पाण्यात विरघळणारी, विद्युतभार असलेली औषधं दारातच अडतात. त्यांना आत न्यायला सुई हवी, नाहीतर वीज.

वीज हे काम करते याचा पुरावा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या नांत शहरातल्या स्तेफान लद्यूक यांनी दिला. प्रयोग क्रूर होता, पण शंकेला जागा न ठेवणारा. दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या अंगावर स्ट्रिकनिनचं फडकं, दुसऱ्याच्या अंगावर सायनाइडचं. प्रवाह एका दिशेने सोडला तेव्हा दोन्ही ससे विषाने मेले. दिशा उलटी ठेवून तोच प्रयोग केला तेव्हा सशांना काही झालं नाही. धन भार धन टोकापासून दूर ढकलला जातो, ऋण भार ऋण टोकापासून. औषधही त्याच ढकलण्याने आत जातं. या पद्धतीला आयन्टोफोरेसिस म्हणतात. 1959 पासून सिस्टिक फायब्रोसिसच्या निदानासाठी बाळाच्या हातावर पिलोकार्पिन असंच आत सोडून घाम काढतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ती चाचणी आजही आधाराची मानली जाते.

आपल्या दमट किनाऱ्यावर याच पद्धतीचा आणखी एक उपयोग महत्त्वाचा आहे. काहींच्या तळहातांना इतका घाम येतो की परीक्षेचा कागद भिजतो, हात मिळवायची लाज वाटते. नळाच्या पाण्याच्या दोन उथळ ताटांत हात ठेवून 15-20 मिलिअँपिअर प्रवाह 20 ते 30 मिनिटं सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, मग घाम कमी झाला की अधूनमधून. यात औषध बहुधा नसतंच. पाणी फार मऊ असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, नाहीतर प्रवाह नीट वाहत नाही. अंगठ्या, बांगड्या काढायच्या, चिरांवर व्हॅसलीन लावायचं. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा उपचार घ्यायचा नाही.

विजेचे ठोके ही त्याहून वेगळी गोष्ट. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता शेकडो व्होल्टचा ठोका बसला की चरबीच्या थरांत क्षणिक छिद्रं पडतात. हे इलेक्ट्रोपोरेशन. 1993 मध्ये मार्क प्रॉस्निट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्वचेतून रेणूंची ये-जा त्याने हजारो पटींनी वाढते. कर्करोगाच्या त्वचेवरच्या गाठींत ब्लिओमायसिन शिरवण्यासाठी युरोपात ही पद्धत रुळली आहे. डीएनए लसींसाठीही तिचा विचार झाला, पण आपल्या देशाने दुसरी वाट धरली: 2021 मध्ये मान्यता मिळालेली झायडसची कोविडवरची डीएनए लस आणि नंतर पुण्याच्या जेनोव्हाची ओमिक्रॉनवरची एमआरएनए लस, दोन्ही विजेऐवजी दाबाच्या फवाऱ्याने त्वचेत दिल्या गेल्या. सुई दोन्हींत नव्हती. ठोक्यांचा स्नायूंना बसणारा झटका आणि यंत्राचा खर्च पाहता मला ही निवड शहाणपणाची वाटते.

विजेत धोकाही आहे. अर्धशिशीसाठी अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झालेली विजेवर चालणारी सुमाट्रिप्टानची पट्टी 2016 मध्ये थांबवावी लागली. रुग्णांच्या दंडावर भाजल्याच्या खुणा उमटल्या होत्या, काहींचे व्रण राहिले.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. तळहाताच्या घामासाठी थेट नस कापण्याच्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. त्यानंतर पाठीला, पोटाला जास्त घाम सुटण्याचा त्रास अनेकांना होतो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना पाण्यातल्या या उपचाराबद्दल विचारा. आणि व्हिडिओ बघून घरच्या चार्जरला तारा जोडून प्रयोग मात्र कधीही करू नका.