मिठाची झिलई : परंपरा, प्रक्रिया आणि अंबरनाथ-बदलापूर परिसर

मातीच्या भांड्यास तकाकी आणण्याच्या पद्धतींमध्ये मिठाची झिलई ही सर्वांत वेगळी पद्धत होय. येथे भांड्यास बाहेरून कोणताही लेप दिला जात नाही. भट्टीचे तापमान १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की साधे खाण्याचे मीठ आत टाकतात. मिठाची वाफ होते आणि तीतील सोडियम मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून भांड्याच्या अंगावरच काच निर्माण करते. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा ही तिची ओळख. वाफ जेथे पोहोचत नाही तेथे झिलई चढत नाही. म्हणून अरुंद तोंडाच्या भांड्यास आतून वेगळा लेप द्यावा लागतो. भट्टीच्या विटांवरही काच साचत जाते.

जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात पंधराव्या-सोळाव्या शतकांत ही पद्धत रुळली. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट यांना १६७२ मध्ये स्टोनवेअरचे पेटंट मिळाले. पुढे कारखानदारीच्या काळात, १८७३ पासून, मार्टिन बंधूंनी हाच जुना मार्ग हस्तनिर्मित कलापात्रांसाठी स्वीकारला. त्याच दशकात मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मृत्पात्रनिर्मिती सुरू केली. तेथील प्रेरणा अजिंठ्याची चित्रे व सिंधमधील झिलईदार काम ही होती. ती झिलई मात्र मिठाच्या वाफेची नव्हती. फाळणीनंतर ज्या सिंधी समाजाने उल्हासनगर वसविले, त्याच्या मूळ प्रांताचा हा कलावारसा येथे क्वचितच आठवला जातो.

लोणच्याच्या बरणीवरील तकाकीही मिठाची असल्याचा समज आढळतो. वस्तुतः ती बहुधा द्रव लेपाची असते. भारतात मिठाच्या झिलईचा खरा प्रसार झाला तो जमिनीखाली, सांडपाण्याच्या तपकिरी नळांच्या रूपाने.

अंबरनाथ-बदलापूर परिसरात हे काम करू इच्छिणाऱ्या कलावंतापुढील पहिला प्रश्न मातीचा आहे. माठ-पणत्यांची लोहयुक्त माती कुंभाराच्या आव्यातील कमी उष्णतेवर उत्तम भाजते. स्टोनवेअरच्या तापमानाला ती आकार टिकवीत नाही. माठाचे पाझरणे हा तर त्याचा गुणच. त्यामुळे उष्णता सोसणारी माती बाहेरून आणणे भाग पडते. मिठाची अडचण नाही. ठाणे जिल्ह्याला मिठागरांचा शेजार जुनाच आहे.

खरी अडचण धुराची. मिठाची वाफ पाण्याच्या वाफेशी संयोग पावताना हायड्रोजन क्लोराइड हा वायू बाहेर पडतो आणि हवेतील ओलाव्यात त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. एका स्टुडिओची भट्टी रासायनिक कारखान्याच्या तुलनेत क्षुल्लक खरी. परंतु २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रासायनिक सांडपाण्याच्या वायूने उल्हासनगरमधील शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले होते. अशा दाट वस्तीत ‘थोडाच धूर’ हे समर्थन टिकणारे नाही.

यावरचा पर्याय अमेरिकेतील कुंभकारांनी १९७०च्या दशकात रूढ केला. मिठाऐवजी धुण्याचा किंवा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून तापलेल्या भट्टीत फवारतात. सोडियम तोच, पण क्लोरीन नसल्याने ते आम्ल तयार होत नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सोड्याची वाफ मिठाइतकी सर्वदूर पसरत नाही, त्यामुळे भांड्याची ज्वालेकडील बाजू चकाकते व दुसरी कोरडी राहते. परंपरानिष्ठांना हा दोष वाटतो. अनेक कलावंत मात्र याच असमानतेसाठी सोडा वापरतात.