घाटाखालच्या नायिका : गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचा मागोवा

मराठी कादंबरीने समाजाने दूर लोटलेल्या स्त्रीला आपल्या उगमापासूनच जवळ केले असले, तरी १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’पर्यंत विधवेच्या हालांची जेवढी नोंद झाली, तेवढी तिच्या मनातल्या इच्छांची झाली नाही. ही उणीव पुढे ज्यांनी भरून काढली, त्यांत मावळातील तळेगाव दाभाडे येथे घर केलेले गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांचे नाव अगत्याने घ्यावे लागते.

‘शितू’ (१९५३) या कादंबरीची नायिका बालपणीच दोनदा विधवा झालेली, आणि म्हणून पांढऱ्या पायाची, म्हणजे जिचे पाऊल घरात अशुभ आणते अशी, ठरवली गेलेली आहे. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती. परंतु कायद्याला अपशकुनाची समजूत पुसता येत नाही, हे दांडेकरांनी नेमके हेरले. वेळणेश्वरचे आप्पा खोत, म्हणजे कोकणातील सारावसुलीचा वंशपरंपरागत हक्क असलेल्या घराण्यातील गृहस्थ, तिला आसरा देतात, आणि त्यांचा मुलगा विसू याच्याविषयी तिला ओढ वाटू लागते. तिचे स्वप्न खरे तर अगदी लहान, कोणाचे तरी हक्काचे माणूस व्हावे एवढेच आहे. पण आसरा देणाऱ्याच्या उपकाराखाली तेही तिला उच्चारता येत नाही, आणि अखेरीस ती मृत्यूला जवळ करते.

‘जैत रे जैत’ या कादंबरीतील ठाकर या आदिवासी समाजाची चिंधी मात्र याच्या अगदी उलट, बोलून दाखवणारी आहे. जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटात स्मिता पाटील यांनी साकारलेली ही चिंधी नको असलेला नवरा सोडते आणि ढोलिया, म्हणजे ढोल वाजवणाऱ्या, नाग्याला स्वतःहून निवडते. मरण मात्र तिलाही चुकत नाही.

विशेष असे की, दांडेकरांच्या खास मावळातल्या कादंबऱ्या, पवन मावळातील ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) आणि लोणावळ्याजवळच्या राजमाचीवरची ‘माचीवरला बुधा’ (१९५८), पुरुषांच्या नावाने आणि पुरुषांच्याच एकाकीपणाभोवती उभ्या आहेत, तर शितू आणि चिंधी या दोघीही घाटाखालच्या, म्हणजे कोकणपट्टीतल्या, आहेत. बुधाला माचीवर एकटे राहण्याचे सुख लेखकाने मनमुराद दिले. तसे एकटे, पण सुखाने जगणे या दोघींपैकी एकीच्याही वाट्याला त्याने येऊ दिले नाही, आणि ही त्याच्या करुणेची मर्यादाच मानली पाहिजे.