पायाच्या फुगलेल्या शिरा : गळक्या झडपेचे दुखणे



पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पंप बंद करताच पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते. आपल्या पायांतही अशाच झडपा आहेत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त हृदयाकडे वर ढकलतात. ते खाली उतरू नये म्हणून शिरांत जागोजाग झडपा असतात. त्या सैल पडल्या की रक्त खाली साठते. कातडीखालच्या शिरा फुगून निळसर, वेड्यावाकड्या दिसू लागतात. डॉक्टर यालाच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

तासन्‌तास उभे राहणारे, वजन जास्त असणारे, आई-वडिलांना हा त्रास असणारे आणि बाळंतपणे झालेल्या बायका यांना तो अधिक होतो.

माझ्या थोरल्या वहिनींचेच पाहा. संध्याकाळी पाय जड व्हायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे. “वय झालं, चालायचंच,” म्हणून त्या लावणीला जात राहिल्या. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाजू लागली आणि तिथे जखम झाली. हळद झाली, मलमे झाली. त्यांच्या पायाची चिंधी मी गणपतीला पाहिली, शिमग्यालाही पाहिली. पानावरच्या ठिपक्यावरून रोग ओळखणारा मी, घरच्या माणसाचा घोटा मात्र मला वाचता आला नाही.

शेवटी डॉक्टरांनी डॉप्लर सोनोग्राफी करून सांगितले, “दुखणे जखमेत नाही, वरच्या झडपेत आहे.” पायाला दाब देणारी पट्टी बांधली, तेव्हा कुठे जखम भरू लागली. नंतर लेसरने ती शीर बंद केली. “शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?” वहिनींनी विचारले. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच वर जाते; वरची बिघडलेली शीर बंद केल्याने अडत नाही. काहींना इंजेक्शन देतात, काहींची शस्त्रक्रिया करतात.

घरी एवढे करा. एका जागी फार वेळ उभे राहू नका. मधूनमधून चाला, टाचा वर-खाली करा. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटे पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर ते अपाय करतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच ते घाला. शिरेवर ब्लेड मारू नका, जोरात रगडू नका.

फुगलेली शीर फुटली तर घाबरू नका. माणसाला आडवे करा, पाय उंच धरा, स्वच्छ फडक्याने दाबून ठेवा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा दम लागला, तर एक तासही थांबू नका. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

आज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात घरच्या बायामाणसांचे पाय एकदा पाहा. त्या आपणहून सांगणार नाहीत.