गेडिस यांची तुळस आणि कॉलनीतला ओपन स्पेस

पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की जळगाव-धुळ्यात झाडांची आठवण निघते आणि कुठल्या तरी मोकळ्या जागेवर ‘ऑक्सिजन पार्क’ची पाटी लागते. झाडं लागतात हे चांगलंच. पण त्या नावामागचं विज्ञान लंगडं आहे. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, तो बागेतही तेवढाच आणि बसस्टँडवरही तेवढाच. मग बागेने तब्येत सुधारते ती कशाने? आणि सुधारते, याला पुरावा काय?

पहिलं उत्तर खान्देशात घरोघरी खिडकीला बसवलेलं असतं. कूलरमध्ये ओल्या गवतातून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता खर्ची पडते. झाड पानांतून हेच करतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. पण टाकी कोरडी पडली की कूलर नुसत्या झळा फेकतो. तसंच मुळाशी ओल नसेल तर झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं आणि मग हाती राहते ती फक्त सावली. म्हणून वृक्षारोपणाचा फोटो निघाल्यावर पाणी कोण घालणार, हा आपल्याकडे विज्ञानाचाच प्रश्न आहे. ज्या जळगावातून जैन इरिगेशनचं ठिबक देशभर गेलं, तिथे कॉलनीतली रोपं पाण्यावाचून जळावीत, हे मनाला लागतं.

दुसरं उत्तर माणसांकडे नेतं, आणि तिथे मला पॅट्रिक गेडिस आठवतात. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे वनस्पतींचे अभ्यासक. तरुणपणी मेक्सिकोत असताना दृष्टी अधू झाली, सूक्ष्मदर्शकावरचं काम सुटलं आणि त्यांनी शहरांचा अभ्यास मांडला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला तो त्यांच्या हाताखाली. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. त्यांना इंग्लंडला पाठवण्यात वाटा असलेले हे प्राध्यापक मात्र विस्मरणात गेले.

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा मागे टाकलं की पुढे इंदूर. १९१७ च्या सुमारास गेडिस तिथे होते आणि शहरात प्लेगचं भय होतं. नगररचनाकार आला म्हणजे घर पाडणार, या धास्तीने लोक त्यांच्याकडे संशयाने बघत. त्यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळीतली घरं जास्तीत जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेली, तिथूनच जाईल. शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, फुलं लेवून मानाने चालले. प्लेगच्या उंदराचा अक्राळविक्राळ पुतळा शेवटी रावणासारखा जाळला. आणि लोकांना वाटली ती मातीच्या कुंडीतली तुळशीची रोपं! दारचं रोप जगवणारा माणूस दारासमोरची जागाही राखतो, हे या वनस्पतिशास्त्रज्ञाने नेमकं हेरलं होतं.

पण त्या मिरवणुकीने आजार किती कमी झाला, हे सांगता येत नाही. तुलनेला दुसरं शहर नव्हतं. ती तुलना व्हायला शंभर वर्षं गेली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ पडीक प्लॉट घेऊन त्यांची सोडतीने तीन गटांत वाटणी केली. काहींवर कचरा उचलून हिरवळ आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं. काहींचा फक्त कचरा काढला. उरलेले तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. हिरव्या झालेल्या प्लॉटांजवळच्या रहिवाशांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा काढला तिथे असा ठोस फरक दिसला नाही. डेन्व्हर भागात २९१ जणांवर झालेल्या प्रयोगात निम्म्यांना सामुदायिक बागेत वाफा मिळाला, निम्म्यांना वर्षभर थांबवलं. वाफा मिळालेल्यांच्या आहारात रोज सुमारे १.४ ग्रॅम तंतू वाढले, हालचाल वाढली, ताण आणि चिंता कमी झाली. वजनात मात्र फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. बाग म्हणजे रामबाण उपाय नव्हे.

आता आपल्याकडे बघू. काव्यरत्नावली चौकातलं भाऊंचं उद्यान जळगावकरांना प्रिय आहे आणि ते असायलाच हवं. पण रिक्षा करून गाठायची बाग आजीच्या रोजच्या वाट्याला येत नाही. तिच्या वाट्याला येतो कॉलनीतला ओपन स्पेस. ले-आउट मंजूर होताना राखून ठेवलेली ही जागा. तिथे गाजरगवत, वेडी बाभूळ, पडलेल्या बांधकामाचा मलबा आणि एका कोपऱ्यात गंजलेली घसरगुंडी. तिथेच कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता आणि भरताच्या वांग्यांचे दोन वाफे सहज मावतात. धुळ्याच्या देवपूर भागातल्या कॉलन्यांना निदान ओपन स्पेस तरी आहे. जुन्या धुळ्यातल्या नंबरांच्या गल्ल्यांत ती सोय कुठली? तिथे शाळेचं आवार आणि पांझरा नदीचा काठच कामी आणावा लागेल.

माझी मागणी साधी आहे. जळगाव आणि धुळ्याच्या महापालिकांनी पडीक ओपन स्पेसची यादी करावी, चिठ्ठ्या टाकून निम्म्या जागा या वर्षी आणि निम्म्या पुढच्या वर्षी रहिवाशांच्या हाती द्याव्यात. सोबत ठिबकची नळी आणि पाण्याची हमी द्यावी. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी बाग मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांतल्या लोकांचा रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती आधी आणि नंतर नोंदवावी. पहिल्या वर्षी बाग न मिळालेल्यांचंही नुकसान नाही, त्यांची पाळी पुढच्या वर्षी येतेच. खर्च फार नाही, आणि त्यातून येणारा आकडा फिलाडेल्फियाचा नव्हे, आपल्या उन्हातला, आपल्या माणसांचा असेल.