जपानी ठशाचे चित्र, रेशमी रुमाल आणि आपला कोसा

कोटाच्या वरच्या खिशात खोवायचा रेशमी रुमाल तसा किरकोळ माल. पण त्यावर जपानी लाट किंवा बर्फाचा डोंगर असला आणि सोबत 'लाकडी ठशाची छपाई' अशी चिठ्ठी लावली की भाव चढतो. गोंदिया-भंडाऱ्याकडील व्यापारी आणि कारागीर बंधूंनी या मालात हात घालण्याआधी ती चिठ्ठी नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

जपानात एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरात, 1765 पासून अनेक रंगांची ठसाचित्रे निघू लागली. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या फळीवर उतरवी, तिसरा छापी आणि पैसा प्रकाशकाचा. रंग बदलला की फळी बदलली. प्रत्येक वेळी कागद नेमक्या त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा असत. त्यांना 'केंतो' म्हणतात. आपला छिपा कापड खाली अंथरून ठसा वरून मारतो. तिकडे उलटे: फळी खाली, कागद वर, आणि कागदाची पाठ बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने घासायची. होकुसाईची प्रसिद्ध लाट 1831 च्या सुमाराची. 2024 पासून ती जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आली आहे.

पण ही छपाई कागदावरची. रुमालावरचे चित्र बहुतेक वेळा त्या कागदाच्या छायाचित्रावरून यंत्राने छापलेले असते; मग कापडाला वाफ देऊन रंग पक्का करतात. यात गैर काही नाही. गैर आहे ते अशा मालाला हातठसा म्हणून विकणे. 'जपानी ठसाचित्रावरून, यंत्रछपाई' एवढे लिहिले की व्यवहार साफ. रेशीम खरे की खोटे, हे धागा जाळून कळते. खऱ्या रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टरची कडक गोळी बनते. रेशमी मालासाठी 2004 पासून 'सिल्क मार्क'ही आहे.

चित्राच्या हक्काची अडचण मोठी नाही. होकुसाई 1849 मध्ये वारला, हिरोशिगे 1858 मध्ये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून अशा अनेक जुन्या चित्रांची छायाचित्रे व्यापारी वापरासाठीही विनामूल्य खुली केली आहेत. ज्यांना माणसांची चित्रे नकोत त्यांनी होकुसाईचा लाल फुजी घ्यावा. त्यात नुसता डोंगर, झाडी आणि आभाळ. पुरुषांच्या रेशीम वापरण्याबद्दल आणि त्याच्या विक्रीबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी आधी आलिमांकडून मसला समजून घ्यावा.

आता आपल्या कोशाचे पाहू. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचे हे रेशीम. भंडारा जिल्ह्यात आंधळगावच्या मागांवर ते विणले जाते. 1999 पर्यंत गोंदियाही त्याच जिल्ह्यात होता. कोशाचा धागा जाडसर आणि रंग मधासारखा. जपानी चित्राची केसाएवढी रेघ त्यावर तुटते, पांढरा फेसही पिवळट दिसतो. म्हणून ते चित्र तुतीच्या गुळगुळीत रेशमावरच शोभते. कोशावर नक्कल करण्यापेक्षा करवतकाठीचे दाते ठसठशीत ठशाने उठवावेत, असे आमचे मत आहे. तिथे चिठ्ठीवर हातठसा लिहिले तर कोणी बोट दाखवणार नाही.

कापड कोणतेही असो, चांगल्या रुमालाची खरी ओळख त्याच्या कडेत असते. मशीनची शिलाई चपटी बसते. हाताने कड बोटांत वळत, बारीक टाके लपवत केलेली तुरपाई गोल, भरीव दिसते आणि गिऱ्हाईक तिचे जादा पैसे देते. आपल्या भागात विडी वळणाऱ्या बायांच्या बोटांना वळण्याची सवय आहेच. हे काम तंबाखूच्या धुळीशिवाय घरबसल्या होऊ शकते. मात्र मजुरी नगावर ठरवताना आधी एका रुमालाच्या चारही कडांना किती वेळ लागतो तो घड्याळ लावून पाहावा, नाहीतर विडीपेक्षाही कमी रोज पडायचा.

कापडाचा हिशेबही आधी करावा. 44 इंच पन्ह्याच्या सुट्या मीटरमधून 14 इंची तुकडे 6 निघतात, 12 इंची 9. सुटे पाच मीटर घेतले तर 14 इंची तुकडे 30 होतात. तेच पाच मीटर सलग घेतले तर 42.