पुढे पांढरी, मागे पिवळी

मिस्टर बीनची ती पोपटी मिनी आपण सगळ्यांनीच पाहिलीय. पण तिची नंबरप्लेट कधी नीट बघितलीत? पुढची पांढरी आणि मागची पिवळी! आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे टॅक्सी, रिक्षा, टेम्पो. मग बीनसाहेब पुढून मालक आणि मागून टॅक्सीवाले की काय?

तसं नाही. आपल्याकडे पाटीचा रंग सांगतो की गाडी कशासाठी वापरली जाते: पांढरी खाजगी, पिवळी भाड्याची, हिरवी बॅटरीवर चालणारी. ब्रिटनमधला रंग वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. समोरच्या गाडीचं तोंड माझ्याकडे आहे की पाठ?

ब्रिटनमध्ये १९०४ पासून नंबर लावणं सक्तीचं झालं. तेव्हा पाट्या काळ्या आणि अक्षरं पांढरी असत. रात्री त्या अंधारात गडप व्हायच्या. १९६८ मध्ये प्रकाश परतवणाऱ्या पाट्यांना परवानगी मिळाली आणि १ जानेवारी १९७३ पासून नव्या गाड्यांना त्या सक्तीच्या झाल्या. पुढे पांढरी, मागे पिवळी, अक्षरं दोन्हीकडे काळी.

आता थोडं इंजिनिअरिंग! आरशावर तिरका प्रकाश टाकला तर तो भलतीकडेच निघून जातो. या पाट्यांच्या थरात मात्र काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. किरण मण्यात शिरतो, वाकतो, मागच्या बाजूवर आपटतो आणि आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून ज्याच्या हेडलाइटचा प्रकाश, त्यालाच पाटी झगझगीत दिसते. पाटीला ना बल्ब लागतो, ना बॅटरी.

पण इथेच अडचण होती. गाडीच्या पुढे पांढरा दिवा, मागे लाल, हा दिव्यांचा जुना नियम. मागची पाटीही पांढरी चमकली, तर लांबून वाटणार की कोणीतरी आपल्या अंगावर येतंय! मग लाल का नको? कारण लालवर काळा आकडा रात्री वाचणार कोण? पिवळा रंग भरपूर प्रकाश परतवतो, काळी अक्षरं त्यावर उठून दिसतात आणि पांढऱ्याशी गल्लतही होत नाही. दिवे बंद करून रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीच्या बाबतीत याचा खरा उपयोग.

हाँगकाँग आणि शेजारच्या श्रीलंकेतही हीच जोडी आहे. फ्रान्सने मात्र २००९ च्या नव्या पद्धतीत दोन्हीकडे पांढरी पाटी ठेवली. म्हणजे दोन रंगांवाचून चालतच नाही असं नाही; पण मग सगळी भिस्त मागच्या लाल दिव्यांवर आणि लाल रिफ्लेक्टरवर.

आपलंही तसंच आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना येणारी हाय सिक्युरिटी पाटी चमकते, पण पुढे-मागे एकाच रंगात. पुढचं-मागचं सांगायला मालट्रकला पट्ट्या असतात: पुढे पांढरी, मागे लाल. तत्त्व तेच! आणि तेच तत्त्व विसरलं की काय होतं, हे गाळप हंगामात रात्री गावाकडे जाणाऱ्या मुलांना विचारा. ना टेललाइट, ना रिफ्लेक्टर, उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी. ती दिसते तेव्हा ब्रेकला अंतरच उरलेलं नसतं.

आज रात्री हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक प्रयोग करा. दहा-पंधरा पावलांवरून मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून आपल्या बाईकच्या मागच्या रिफ्लेक्टरवर मारा. तो पेटल्यासारखा दिसेल. आता तोच टॉर्च मित्राच्या हातात देऊन त्याला चार पावलं बाजूला उभं करा. तुमच्यासाठी रिफ्लेक्टर जवळजवळ विझेल, त्याला मात्र लखलखीत दिसेल. आणि टॉर्च डोळ्याजवळ असूनही काहीच चमकलं नाही, तर चिखल पुसा, त्यावरचं स्टिकर काढा, फुटला असेल तर नवा बसवा. खर्च चहा-वडापावच्या आसपास. मागून येणाऱ्याला आपण दिसायला हवं, बस्स.